भिंगरीचा डावा डोळा

२ सप्टेंबर, सोमवार

मागच्या वर्षीचं हजेरीचं रजिस्टर रद्दीत चाललं होतं, मी उचललं. निम्मी पानं कोरी आहेत. यात लिहायचं ठरवलंय. बोललं की घरात भांडण होतं आणि शाळेत मोठ्या बाई केबिनमध्ये बोलावतात. लिहिलेलं कुणाला ऐकू जात नाही.

आजचा निश्चय: रागवायचं नाही.

सकाळी आठला मोडला. नातीने जगमधून ग्लासात दूध ओतलं आणि सगळं ग्लासाच्या शेजारी ओतलं. थोडं सांडलं असं नाही. सगळं. ग्लास कोरडा ठणठणीत. लक्ष कुठे असतं गं तुझं, म्हणून विचारलं तर म्हणे, आजी, ग्लास हलला.

ग्लास हलला! पाच वर्षांची घोडी झाली आणि खोटं बोलायला लागली. घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. सरळ चालत नाही, गरगरत जाते. दार एवढं मोठं, ही चौकटीला जाऊन भिडते. आईचे लाड, दुसरं काय.

४ सप्टेंबर, बुधवार

वर्गाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत अडवलं. बाई म्हणजे काय, कालची पोरगी. नोकरीला येऊन वर्ष झालं नाही. मी या बालवर्गात सतरा वर्षं मुलांची नाकं पुसतेय, डबे उघडून देतेय, चड्ड्या बदलतेय. तर मला म्हणते, मावशी, तुमची नात पुस्तक बघताना मान फार तिरकी करते, एकदा डोळे दाखवून घ्या.

म्हटलं, आमच्या घराण्याची मान आहे ती. माझ्या सासूचीही तिरकीच होती. ती ऐंशी वर्षं जगली.

बाई म्हणाली, तसं नाही मावशी, चेंडूसुद्धा पकडता येत नाही तिला. म्हटलं, मलाही येत नाही.

या नव्या मुलींचं असंच असतं. पुस्तकात वाचायचं आणि पहिलं पोर दिसेल त्याला लावायचं.

तरी उपाय ठरवला. उद्यापासून रोज एक गाजर. आणि डोक्यावर वही ठेवून खोलीत दहा फेऱ्या. मान आपोआप सरळ होईल.

७ सप्टेंबर, शनिवार

वही अकरा वेळा पडली. गाजर तिने उशीखाली ठेवलं.

८ सप्टेंबर, रविवार

सूनबाईला आज सुट्टी. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, आठवड्याला पाळी बदलते, म्हणून पोरगी माझ्याकडेच असते. मुलगा ट्रकवर. पंधरा दिवसांनी येतो, दोन दिवस झोपतो आणि जातो.

आज भिंगरीला जवळ घेऊन ओळखा पाहू कोण खेळत होते. मागून जाऊन डोळ्यावर हात ठेवायचा. डाव्या डोळ्यावर हात ठेवला तर गप्प, चित्र रंगवतच राहिली. उजव्यावर ठेवला तर असा काही आकांत केला की शेजारीण ग्रिलला येऊन उभी राहिली. माझा हात चावली. परत डाव्यावर ठेवला, गप्प. परत उजव्यावर, परत बोंब. चार वेळा करून बघितलं.

किती नाटकी असावं पोरीने! एका बाजूला लाड चालतात, दुसऱ्या बाजूला चालत नाहीत.

सूनबाई बघत होती. म्हणाली, आई, हे बरोबर नाही वाटत, डॉक्टरला दाखवू या का. म्हटलं, चावल्याबद्दल मला दाखव.

ती हसली नाही. हल्ली हसतच नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

मोठ्या बाईंनी सांगितलं, वीस तारखेला डोळे तपासायला नर्स येणार आहे. मुलगा फोनवर होता, त्यालाही सांगितलं. सूनबाई लगेच म्हणाली, बरं झालं, शाळेतच कळेल. मीही म्हटलं, हो, कळू दे एकदा, सगळ्यांची तोंडं बंद होतील.

मनातून मात्र बरं वाटलं नाही. परीक्षा ती परीक्षा. मला ठाऊक आहे. चौथीच्या परीक्षेला मी फळ्यावरचं वाचायला उभी राहिले आणि वाचताच आलं नाही. अख्खा वर्ग हसला. बाप म्हणाला, बस झालं, घरी बस. बसले. त्यानंतर शाळेत गेले ती एकदम झाडू घेऊन.

आमच्या घरातलं पुढचं कुणी उभं राहून गप्प होणार नाही. हा निश्चय पक्का.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तक्ता आला. पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून. मोठ्या बाई म्हणाल्या, मावशी, हॉलमध्ये टांगा, समोर टेपने मोजून जमिनीवर पट्टी मारा, आणि वीस तारखेपर्यंत वर कापड टाकून ठेवा, मुलांनी आधी बघायला नको.

टांगला. पट्टी मारली. कापड टाकायच्या आधी नीट बघून घेतला. बालवर्गाला अक्षरं येत नाहीत म्हणून चित्रं आहेत. वर मोठं घर. खाली मासा, छत्री. त्याखाली कप, घड्याळ, झाड. शेवटची ओळ एवढीशी: तारा, चावी, बूट, बदक.

दहा चित्रं. फक्त दहा! याला काय परीक्षा म्हणायची. बदकाच्या पिल्लालाही पाठ होतील.

१४ सप्टेंबर, शनिवार

दुपारी बसवलं भिंगरीला. घर! मासा, छत्री! कप, घड्याळ, झाड! तारा, चावी, बूट, बदक! टाळ्या वाजवत म्हणायचं. पाचव्या वेळेला पाठ. पोरगी हुशार आहे हो, कुणी काही म्हणो. आईला सांगायचं नाही, गंमत आहे, असं बजावलं. मान हलवली. तिरकी का होईना, हलवली.

ही काही लबाडी नाही. कुठल्याही परीक्षेचा अभ्यास करतातच लोक.

१७ सप्टेंबर, मंगळवार

एकटीलाच शिकवलं तर पक्षपात होतो. सतरा वर्षांत मी पक्षपात केलेला नाही. म्हणून आज जेवणाआधी हात धुवायच्या रांगेत सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. एकतीस मुलं. घर म्हणताना साबण, मासा म्हणताना पाणी. हात एरवीपेक्षा स्वच्छ धुतले गेले. वर्गाच्या बाईंनी विचारलं, मावशी, नवीन गाणं का? म्हटलं, हो, साबणाचं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शंभर टक्के! एकतीसपैकी एकतीस पास!

नर्स दमलेली होती, सकाळी दुसरी शाळा करून आलेली. एक डोळा प्लास्टिकच्या झाकणीने झाकायचा आणि छडीने वरून खाली दाखवत जायचं. भिंगरीचा नंबर आला. पहिल्यांदा डावा झाकला, सगळं धडाधड सांगितलं. मग उजवा झाकला. पोरगी मागे सरकली, झाकणी ढकलायला लागली. मी दारातून डोळे वटारले. मग उभी राहिली. नर्सने छडी ठेवली. पोरगी गप्प.

एक, दोन, तीन.

मी हळूच हात धुतल्यासारखे हात चोळले. झालं, गाडी सुटली! घर, मासा, छत्री, थेट बदकापर्यंत. नर्सची छडी मागे राहिली, पोरगी पुढे. नर्स म्हणाली, अगं हळू. आणि मला विचारलं, ही मान का वाकडी करते? म्हटलं, सवय आहे.

कार्डावर लिहून मिळालं: दोन्ही डोळे ठीक. शिक्का, सही. मोठ्या बाई नर्सला म्हणाल्या, आमची मुलं आहेतच तशी.

संध्याकाळी सूनबाईच्या हातात कार्ड ठेवलं. ती दोनदा वाचून खुर्चीत बसली आणि रडली. म्हणाली, आई, मला रोज वाटत होतं काहीतरी आहे म्हणून. म्हटलं, तुला फार वाटतं. जेव आता.

किती दिवसांनी पोटभर जेवली.

३० सप्टेंबर, सोमवार

भिंगरीने पुन्हा ग्लासाच्या बाहेर ओतलं. आता तर कार्ड आहे, म्हणजे निव्वळ हट्ट. एक धपाटा दिला.

मग बराच वेळ कप उचलताना बघत होते. हात कपाच्या अलीकडे थांबतो, चाचपतो, मग धरतो. आधी असं होतं का? लक्षात नाही. उन्हात आली की एक डोळा मिटून घेते. मला वाटायचं डोळा मारते.

कार्ड कपाटात आहे. काढून परत वाचलं. ठीक असंच लिहिलंय.

७ ऑक्टोबर, सोमवार

आजचा दिवस लिहवत नाही, तरी लिहिते.

शाळा सुटताना हॉलच्या पायऱ्या. तीनच आहेत. मुलं उड्या मारत उतरतात. भिंगरी दोन उतरली आणि तिसरी नाहीच असं समजून पाय सपाट टाकला. सरळ हनुवटीवर. रक्तच रक्त. मीच उचललं, मीच रिक्षात घातलं, मीच रिक्षावाल्यावर ओरडत राहिले, बिचारा कुठेही थांबत नव्हता तरी.

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होता. टाके घालायला पोरीच्या तोंडावर भोकाचं कापड टाकलं. कापड सरकून उजव्या डोळ्यावर आलं आणि पोरगी उसळली. दोन नर्सांना आवरेना. डॉक्टरने कापड ओढून डाव्या डोळ्यावर घेतलं. एकदम शांत. सुई आत जात होती तरी शांत.

तो थांबला. सुई हातात तशीच. कापड परत उजवीकडे सरकवलं. आकांत. डावीकडे. शांत.

मला विचारलं, आजी, हिचा डावा डोळा कधी तपासलाय? म्हटलं, तपासलाय, पास आहे, कार्ड आहे घरी. तो म्हणाला, कार्ड असू दे, उद्याच्या उद्या डोळ्यांच्या विभागात आणा. टाळू नका.

तीन टाके.

सूनबाई कारखान्याच्या टोपीतच धावत आली. डॉक्टर तिच्याशी बाजूला बोलला. मी मध्ये गेले तर म्हणाला, जरा थांबा आजी. मी कशाला थांबू! तरी थांबले.

८ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी

सूनबाई रिकाम्या पोटी शाळेत जाऊन आली. कार्ड मोठ्या बाईंच्या टेबलावर आपटलं म्हणे. नर्सने न बघताच सही ठोकली, माझ्या मुलीच्या डोळ्याशी खेळली, असं म्हणाली. ही, जिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही! मोठ्या बाई नर्सच्या ऑफिसला तक्रार पाठवणार आहेत.

नर्सची खरंच चूक आहे. छडी इकडेतिकडे फिरवायला नको होती का? कुठूनही विचारायला हवं होतं. वरून खाली काय, सरळ रस्ता. आम्हालाच दोष देऊन कसं चालेल.

म्हणजे आम्हाला कुणी दोष दिलेला नाही. कुणाला काही माहीतच नाही.

डोळ्यांच्या विभागात अकराची वेळ आहे. मी येणार म्हटलं. सूनबाई म्हणाली, या, तुमचं ऐकते ती.

त्याच दिवशी. दुपारी

लांब खोली. टोकाला तक्ता, आत दिवा असलेला. तक्ता वेगळा होता. मी पहिल्यांदा तेच बघितलं. वर घोडा होता. मग विमान, फूल. घर कुठेच नाही.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, चेहरा शांत. डावा डोळा झाकला. भिंगरीने घोडा सांगितला, विमान सांगितलं, खालपर्यंत सगळं बरोबर. सूनबाईने माझा हात धरला. बरं का, तिने माझा हात धरला.

मग उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली. पोरगी रडली, आईने समजूत घातली, मग हुंदके देत उभी राहिली. डॉक्टर बाईंनी विचारलं, वर काय दिसतंय बाळा?

घर, म्हणाली.

मी खाली बघितलं.

खाली? मासा, छत्री. कप, घड्याळ, झाड. एकही न चुकता. टाळ्या वाजवत. शेवटी बदक, आणि हसत माझ्याकडे वळली. म्हणजे माझ्या दिशेला. मी दोन पावलं उजवीकडे उभी होते.

डॉक्टर बाईंनी तक्त्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. हात लांब करून तक्त्याचा दिवा बंद केला. तिकडे काळोख. म्हणाल्या, पुन्हा सांग.

घर! मासा, छत्री!

सूनबाईने माझा हात सोडला.

तिने पोरीला विचारलं, हे कुणी शिकवलं? माझ्या जिभेवर वर्गाच्या बाईंचं नाव आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण पोरगीच म्हणाली, आजीने. सगळ्यांना शिकवलं, हात धुताना. पण तुला सांगायचं नाही, गंमत आहे.

पुढचं डॉक्टर बाई सांगत होत्या ते मी भिंतीला धरून ऐकलं. डाव्या डोळ्याचा नंबर फार मोठा आहे. जन्मापासून असणार. त्या डोळ्याचं चित्र धूसर, म्हणून मेंदूने ते घ्यायचंच सोडून दिलंय. उजव्यावर सगळं चाललंय, म्हणून बाहेरून कळत नाही. एका डोळ्याने अंतर कळत नाही, पायरी कळत नाही, ग्लास कळत नाही. चष्मा लावायचा आणि रोज काही तास चांगला डोळा झाकायचा, म्हणजे मेंदू झक मारत डाव्याकडे बघेल. हे लहानपणीच जमतं. जेवढा उशीर तेवढं कमी.

सूनबाईने विचारलं, पूर्ण येईल का? डॉक्टर बाई म्हणाल्या, आज सांगत नाही.

आत्ता आठवतंय, मी मधेच म्हटलं, रोज गाजर देतेय मी. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सूनबाई बोलत नाही. भांडली असती तर उत्तर दिलं असतं. ताट वाढते, समोर ठेवते, जाते. मुलाचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, आई, तू एकदा नुसतं विचारायचं होतंस.

निश्चय: उद्या मोठ्या बाईंना सगळं सांगायचं. नर्सवर आळ आहे. आणि ती बाकीची तीस मुलं. तीस.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं नाही. मोठ्या बाई मीटिंगमध्ये होत्या. म्हणजे साडेदहापर्यंत होत्या. नंतर माझं डोकं दुखत होतं. शिवाय एकतीस मुलांत एखादीच अशी निघते, ती आमची निघाली. बाकीची धडधाकट आहेत. सतरा वर्षं बघतेय, मला कळतं.

दुपारी हात धुवायच्या रांगेत मुलांनी आपणहून सुरू केलं. घर! मासा, छत्री! एक मुलगा साबण शोधत होता. साबण त्याच्या समोर होता. अगदी नाकासमोर.

नळ बंद केला. तशीच केबिनमध्ये गेले.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज फेरतपासणी. तक्ता नवीन, त्यावर फक्त हाताचे पंजे, बोटं कुठे वळलीत ते दाखवायचं. पाठ करण्यासारखं काही नाही. मला हॉलच्या बाहेर, गेटजवळ बसवलं. कामावरून महिनाभर बंद. मोठ्या बाई म्हणाल्या, पुढचं नंतर बघू.

नर्स तीच. बाहेर पडताना माझ्याजवळ थांबली. मला वाटलं आता तोंड सोडणार. मी तयार होते, उत्तरं सगळी तयार होती. ती म्हणाली, अजून तिघं निघाली मावशी. तुम्ही मोठ्या बाईंना सांगितलेला साबणवाला त्यातलाच.



२१ ऑक्टोबर, सोमवार

चष्मा आला. निळा. पट्टीही आली. रोज चार तास. सूनबाई आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, माझी सकाळची पाळी आहे, पट्टी तुम्हालाच लावावी लागेल. दुसरं कोण आहे.

म्हटलं, अगं, काळजी करू नकोस, चार काय, मी सहा तास लावून दाखवते.

ती म्हणाली, चारच लावा. डॉक्टरनी सांगितलेत तेवढेच.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चार तासांतली अकरा मिनिटं झाली. दोन पट्ट्या फाटल्या, एक माझ्या केसात चिकटली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज एक तास. मी ओरडले नाही. ओरडून झाल्यावर ओरडले नाही, असं लिहायला हवं.

पट्टी लावून ती टेबलाशी बसली होती. काय करावं म्हणून मी मोठ्या कागदावर जाड पेनने एक झाड काढलं आणि तिच्यासमोर धरलं. हातभर अंतरावर. विचारलं, काय दिसतंय बघ.

ती कागदाकडे बघत राहिली. मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. मी कागद तसाच धरून ठेवला.

मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, आजी, काय म्हणायचंय ते आधी सांग ना.